बारापैकी चार महिने

गेल्या शनिवारी माळा आवरताना एक जुनी हार्ड डिस्क सापडली. ४० जीबीची. (हसू नका, २००५ साली ती मोठी वाटायची.) खटपट करून लॅपटॉपला जोडली तर चक्क चालू झाली! आत गाणी, कॉलेजचा प्रोजेक्ट रिपोर्ट, ट्रेकचे फोटो आणि 'डबे' नावाचं एक फोल्डर. ते उघडलं आणि रविवार त्यातच गेला. तर मंडळी, या वीकेंडचा लेख त्या फोल्डरबद्दल, आणि त्यानिमित्ताने थोडा इतिहास.

माझी मावशी सदाशिव पेठेत डबे द्यायची. बाहेरगावहून शिकायला आलेली मुलं, स्पर्धा परीक्षावाले, एकटे राहणारे एक-दोन आजोबा, असे मिळून साठ-सत्तर डबे. तिचं म्हणणं, या धंद्यात स्वयंपाक अवघड नसतो, खाडे अवघड असतात. कोण चार दिवस गावाला गेला, कोणी फक्त संध्याकाळचा डबा बंद केला, कोणाचा पाहुणा आला म्हणून एक ज्यादा गेला. हे सगळं एका लांबट वहीत आणि महिनाअखेरीला त्यावरून भांडणं. "मावशी, मी तिसरीला गेलो ते चौथीला आलो, तुम्ही दोनच खाडे धरलेत!"

मी तेव्हा नोकरीला लागून वर्ष झालेला ताजा इंजिनिअर. म्हटलं, मावशी, दोन दिवसांत प्रोग्रॅम लिहून देतो. तिने एकच अट घातली: "मराठीत पाहिजे. खाडे काकू मांडणार, मी नाही." काकू म्हणजे पोळ्या लाटायला येणाऱ्या काकू. मुलं निरोप द्यायची त्यांच्याकडेच. चौथीपर्यंत शिकलेल्या, मराठी झरझर वाचायच्या, इंग्रजीचा मात्र संबंध नाही. मी म्हटलं, त्यात काय, बटणावर इंग्रजीऐवजी मराठी लिहायचं. झालं.

मित्रहो, ते 'झालं' फार महागात पडलं.

दोन दिवसांत प्रोग्रॅम देण्याचा आत्मविश्वास माझ्यात आला होता तो पायथन आणि टीकेइंटरमुळे. आज कोणीही 'इथे एक बटण टाक' असं सहज म्हणतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी युनिक्सवर बटण टाकायचं म्हणजे सी भाषेत पानंच्या पानं लिहावी लागत. हे चित्र ज्याने बदललं तो माणूस मुळात खिडक्या-बटणांवाला नव्हताच. जॉन ऑस्टरहाउट हे बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक. ते आणि त्यांचे विद्यार्थी चिप डिझाइन करण्याची सॉफ्टवेअर लिहायचे. अशा प्रत्येक सॉफ्टवेअरला आज्ञा देण्यासाठी एक छोटी भाषा लागायची, आणि दर वेळी ती घाईघाईत, कशीबशी रचलेली असायची. १९८७ मध्ये ते विद्यापीठातून रजा घेऊन एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते, तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं की ही भाषा एकदाच नीट बनवावी आणि हवी त्या सॉफ्टवेअरमध्ये बसवावी. १९८८ च्या सुरुवातीला त्यांनी काम सुरू केलं. नाव 'टूल कमांड लँग्वेज', थोडक्यात टीसीएल. त्याचा उच्चार ते लोक 'टिकल' करतात, म्हणजे गुदगुल्या :-)

त्याच सुमाराला ॲपलचं हायपरकार्ड बाजारात आलं होतं. खिडक्यांचं जग येणार हे दिसत होतं, पण मोठ्या कंपन्यांसारखी माणसं आणि पैसा विद्यापीठातल्या चार जणांकडे कुठून येणार? ऑस्टरहाउट यांचं उत्तर असं: बटण, यादी, सरकपट्टी असे सुटे भाग सी मध्ये एकदा घट्ट बांधायचे आणि ते जोडायचं काम टिकलमध्ये करायचं. मणी कोणीतरी आधीच घडवलेले, आपण फक्त दोरा ओवायचा. १९८८ च्या अखेरीला सुरू झालेलं हे टूलकिट म्हणजे टीके. ते वापरण्याजोगं व्हायला दोनेक वर्षं लागली, आणि मग ते चुलतमालतांसकट सगळ्यांच्या घरी पोचलं. १९९८ साली 'आयईईई कॉम्प्युटर' मासिकातल्या लेखात ऑस्टरहाउट यांनी हिशोबच मांडला: एक साधं बटण दाखवायला टीकेमध्ये एक ओळ, जावामध्ये सात, आणि सी-प्लस-प्लसमध्ये मायक्रोसॉफ्टची एमएफसी लायब्ररी घेऊन साधारण पंचवीस ओळी.

पायथनला १९९१ मध्ये जगासमोर आणणारे ग्विडो व्हान रॉसम आणि स्टीन लुमहोल्ट यांनी पुढे टीकेलाच पायथनची मूठ बसवली. तोच टीकेइंटर. पायथनबरोबर फुकट मिळतो, वेगळं काही बसवावं लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, २००५ साली सगळं पुणं व्हिज्युअल बेसिकमध्ये कामं करत होतं, तू का नाही? बरोबर आहे. १९९१ मध्ये आलेल्या व्हीबीने तर नुसत्या माऊसने फॉर्म रचता येईल अशी सोय केली होती. औषधाच्या दुकानाच्या बिलापासून सोसायटीच्या मेंटेनन्सपर्यंत अनेक गोष्टी व्हीबीत चालायच्या. पण मावशीकडे असेंबल केलेला जुना पीसी होता, विंडोजच्या लायसन्सचे पैसे नव्हते, आणि मला लिनक्सचं नवं नवं वेड लागलं होतं. तिसरं कारण सर्वांत खरं, हे कबूल करायला हवं.

शनिवारी दुपारपर्यंत खिडकी तयार. वर महिन्यांची यादी, मध्ये नावं, खाली बटणं. पहिल्यांदा चालवली तर अक्षरंच नाहीत! प्रत्येक बटणावर उलटी तिरकी रेघ, इंग्रजी यू आणि पुढे चार आकडे, अशी मालगाडी. म्हणजे टीकेला देवनागरी फॉन्टच सापडला नव्हता आणि तो बिचारा प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक छापत बसला होता. फॉन्ट बसवला. अक्षरं आली. मी विजयी मुद्रेने मावशीला हाक मारली.

तिने चष्मा लावला, महिन्यांची यादी उघडली आणि म्हणाली, "अरे, डिसेंबरची वेलांटी चुकीच्या बाजूला आहे. दुसरीतल्या पोराने असं लिहिलं तर बाई पट्टी मारतील."

मग मी नीट पाहिलं. 'मार्च'चा रफार खाली उतरून पाय मोडका र होऊन बसला होता. 'ऑगस्ट'मध्ये स चा पाय मोडलेला, ट त्याच्यापासून फटकून. 'एप्रिल'चे तर तीन तुकडे. मोजलं. जानेवारी, मे, जून आणि जुलै, एवढे चारच महिने शुद्ध. बाकी आठांत कुठे ना कुठे जोडाक्षर किंवा पहिली वेलांटी होती, आणि तिथे तिथे घोळ होता.

काकू बाजूला उभ्या होत्या. त्यांनी वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाल्या, "दादा, मला नाही जमायचं हो. माझं शिक्षण कमी आहे." मला हे वाक्य अजून टोचतं. चूक माझ्या प्रोग्रॅमची, आणि कमीपणा त्यांनी स्वतःकडे घेतला.

असं का झालं, हे समजायला देवनागरी कॉम्प्युटरच्या आत कशी राहते ते पाहावं लागेल. आपण 'डि' लिहिताना वेलांटी आधी काढतो, पण उच्चारात ड आधी आणि इकार नंतर. कॉम्प्युटरमध्ये साठवायचं ते उच्चाराच्या क्रमाने, हे तत्त्व 'इस्की' या भारतीय मानकात होतं. त्या क्षेत्रातलं मोठं काम आपल्या पुण्याच्या सी-डॅकमधल्या 'जिस्ट' गटाने केलं. हा गट मूळचा आयआयटी कानपूरचा, १९८८ मध्ये सी-डॅकबरोबर पुण्यात आला. युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीची मांडणी घेतली ती १९८८ च्या इस्कीवरूनच. हा क्रम फार शहाणपणाचा आहे. त्यामुळे शोधता येतं, अकारविल्हे लावता येतं. पण त्यात एक गृहीत आहे: पडद्यावर दाखवताना कोणीतरी वेलांटी उचलून मागे नेईल, र् चा रफार करून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवेल, स् आणि ट एकत्र बसवेल.

हा 'कोणीतरी' लिनक्सवरच्या टीकेत नव्हता. टीकेने १९९९ मध्ये ८.१ आवृत्तीत युनिकोड घेतलं, म्हणजे अक्षरांचे क्रमांक त्याला कळायला लागले. पण एका क्रमांकाचं एक चित्र, ती चित्रं डावीकडून उजवीकडे मांडली की संपलं, ही इंग्रजी समजूत तशीच राहिली. गंमत म्हणजे विंडोजवर टीके हे काम विंडोजवरच सोडून देतं. विंडोज २००० पासून तिथे अक्षरं जुळवणारी सोय होती आणि आपले कवी-सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' फॉन्टही होता. म्हणजे लायसन्स घेतलं असतं तर हा लेखच झाला नसता!

एका मित्राने पळवाट सुचवली. तेव्हा मराठी डीटीपीवाले वापरायचे तसे फॉन्ट घ्यायचे, ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. व्हीबीवाले हेच करायचे, कारण व्हीबी ६ ची स्वतःची बटणं युनिकोड दाखवतच नसत. पडद्यावर सुरेख 'मार्च' दिसतो, पण आत डोकावलं तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ. मी तासभर करून पाहिलं. दिसायला झकास. पण नावं अकारविल्हे लावायला गेलो तर जोशी कुठे आणि आपटे कुठे! फॉन्ट बदलला की सगळा हिशोब अगम्य. सोडून दिलं.

त्या काळात पुणे लिनक्स यूझर्स ग्रुपच्या बैठका मॉडेल कॉलनीत आतुर सेंटरला, सिंबायोसिसच्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये व्हायच्या. तिथे बैठकीनंतर चहाच्या टपरीवर मी माझं रडगाणं गायलं. एका सीनिअर माणसाने ऐकून घेतलं आणि तीन शब्द बोलला: "पॅंगो बघ की."

पॅंगो म्हणजे तोच वर म्हटलेला 'कोणीतरी'. नावातला 'पॅन' ग्रीक, म्हणजे सर्व, आणि 'गो' जपानी, म्हणजे भाषा. सर्व भाषा! रेड हॅटमधले ओवेन टेलर आणि त्यांच्यासारख्या लोकांनी १९९९ च्या सुमारास हे काम सुरू केलं आणि मार्च २००२ मध्ये आलेल्या जीटीके २.० मध्ये ते पायाशीच बसवलं. जीटीके हे 'गिम्प' या चित्रं रंगवायच्या प्रोग्रॅमसाठी जन्मलेलं टूलकिट, आणि त्याला पायथनची मूठ होती, जेम्स हेनस्ट्रिज यांनी लिहिलेलं पायजीटीके. हे काही हौशी खेळणं नव्हतं. रेड हॅट लिनक्सचा इन्स्टॉलर 'ॲनाकोंडा' हाच मुळी पायथनमध्ये लिहिलेला आणि त्याच्या खिडक्या जीटीकेच्या. म्हणजे अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम बसवणारा प्रोग्रॅम स्क्रिप्टिंग भाषेत!

पुढचा वीकेंड सगळं पायजीटीकेमध्ये पुन्हा लिहिण्यात गेला. टीकेपेक्षा किचकट वाटलं. ओळी जवळपास दुप्पट झाल्या. पण यादी उघडली आणि बाराच्या बारा महिने शुद्ध! वेलांटीसाठी मी एकही ओळ लिहिली नव्हती.

तरी एक बटण अडलंच. 'सुट्टीवर जाणाऱ्यांची यादी'. त्यातला 'ऱ्यां' तुटत होता, कारण मी घेतलेल्या फॉन्टला तो माहीतच नव्हता. हा आडवा रफार मराठीची खास चीज आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही, आपल्याला पावलोपावली पडते: करणाऱ्या, जाणाऱ्या, दऱ्या, सुऱ्या. तो नसेल तर आचाऱ्याचे पैसे आचार्याला जातील. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्त्याचा ऱ वेगळा ठेवलेला आहे, पण फॉन्ट घडवणाऱ्यानेही त्याचं चित्र द्यायला हवं. तसंच मराठी ल आणि श यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं.

हे तपशील परदेशात बसून कोणाला सुचणार? इथे पुन्हा पुणं येतं. रेड हॅटने २००४ मध्ये 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट खुल्या परवान्याखाली दिले. लोहित म्हणजे लाल, कंपनीच्या लाल टोपीला शोभेल असं नाव! ते पुढे सांभाळण्याचं, दुरुस्त करण्याचं काम बरंचसं कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसातून झालं. नंतर लोहित हिंदी, लोहित मराठी वगैरे वेगवेगळे फॉन्ट मिळून एक 'लोहित देवनागरी' झाला आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की ल आणि श आपोआप मराठी वळणाचे येऊ लागले. म्हणजे मी पेठेत बसून 'ऱ्या'साठी डोकं आपटत होतो, आणि याच शहरात त्याच जातीच्या प्रश्नांवर माणसं पगारी आणि बिनपगारी खपत होती.

ऑस्टरहाउट यांचं म्हणणं खरंच आहे. खाली भक्कम भाग, वर सुटसुटीत भाषा, ही जोडी जमली की एकटा माणूसही डोंगर हलवतो. आपल्याकडचं याचं छान उदाहरण म्हणजे 'मायावी'. पवईच्या आयआयटीत एरोस्पेस शिकवणारे प्रभु रामचंद्रन यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम वाऱ्याचे प्रवाह, दाब, तापमान असे आकडे त्रिमितीत दाखवतो. जगभरचे शास्त्रज्ञ तो वापरतात. त्याच्या पहिल्या अवताराच्या खिडक्या टीकेइंटरच्या होत्या, आणि खाली चित्रं काढणारी व्हीटीके लायब्ररी सी-प्लस-प्लसची.

फक्त यातली एक गोष्ट मला मावशीच्या माजघरात कळली. वरची भाषा तुम्हाला तेवढंच सोपं करून देते, जेवढं खाली कोणीतरी आधी करून ठेवलंय. टीके बनवणाऱ्यांनी चिप डिझाइनवाल्यांचा विचार केला, त्यांचं काम एका ओळीत झालं. पॅंगोवाल्यांनी आणि लोहितवाल्यांनी काकूंचा विचार केला (त्यांना काकू माहीत नव्हत्या, तरी), म्हणून काकूंचं काम झालं. इंजिनिअर म्हणून मी मध्ये नुसता दोरा ओवत होतो.

काकूंचं काम खरंच झालं का? हो. पहिले दोन दिवस माऊस हातात धरून त्या नुसत्या बसायच्या. मग एकदा 'खाडा मांडा' दाबलं, नावासमोर खूण उमटली, आणि त्यांनी मोठ्याने वाचलं. महिन्याभरात भांडणाऱ्या मुलांना त्या पडद्यावर बोट ठेवून दाखवायच्या: "हे बघ, लिहिलंय. वाच." प्रोग्रॅम २०१२ पर्यंत, म्हणजे मावशीने डबे बंद करेपर्यंत चालला. वही मात्र तिने कधीच बंद केली नाही. लाइट गेली तर?

आता या रविवारची गोष्ट. जुना कोड अर्थातच चालला नाही. पायथन २ ला १ जानेवारी २०२० पासून निवृत्ती मिळाली, पायजीटीकेची जागा त्याआधीच पायजीऑब्जेक्टने घेतली होती. दोन तासांत नव्याने लिहिला. बारा महिने पहिल्या फटक्यात बरोबर. आता पॅंगोसुद्धा अक्षरजुळणीचं काम 'हार्फबझ' या लायब्ररीकडे देतो. बेहदाद इस्फहबोद या इराणी माणसाच्या पुढाकाराने वाढलेली ही लायब्ररी. नाव फारसी, हर्फ म्हणजे अक्षर. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड सगळीकडे तीच आहे. आजची पोरं जावास्क्रिप्टमध्ये इलेक्ट्रॉनवर डेस्कटॉपच्या खिडक्या बनवतात, त्याच्या पोटातही क्रोमचंच इंजिन. त्यांना वेलांटी मागे न्यायला कोणी लागतो हेच माहीत नाही. नसूच दे. पण नवं कुठलं टूलकिट हाती घेतलं, तर आधी त्यात बारा महिने लिहून बघा. परीक्षा फुकट आहे.

नव्या खिडकीचा फोटो मावशीला व्हॉट्सॲपवर पाठवला. तिचं उत्तर आलं, "छान. पण चैत्र-वैशाख कुठायत? श्रावणात उपासाचे डबे वेगळे असायचे, विसरलास?"

टाकले. आणि सहज मोजून पाहिलं, जुन्या टीकेवर यातले किती नीट दिसले असते. वैशाख, आषाढ, पौष, माघ. तिथेही चारच!